मागं चालणारा माणूस

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर तीन गोळ्या लिहिल्या आणि खाली एक ओळ लिहिली: रोज सकाळी पाऊण तास चालणे. मामांनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि दवाखान्यातच हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं, तेही डॉक्टरांना.

हसण्यासारखं होतंच म्हणा. माझे सासरे, सिदूमामा, जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. दिवाळी झाली की तामलवाडीहून त्यांचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे. कळप, घोडं, दोन कुत्री आणि घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढं बिऱ्हाड, याला धनगराकडं वाडा म्हणतात. तो पार भीमेच्या काठापर्यंत जायचा आणि मृगाच्या तोंडावर परत यायचा. अशा माणसाला चाला म्हणून चिठ्ठी द्यायची म्हणजे गवळ्याला दूध कशाला म्हणतात ते लिहून देण्यातला प्रकार.

पण बाईंचंही काही चुकलं नव्हतं. रक्तदाब एकशे सत्तरच्या पुढं, झोप नाही, वजन उतरलेलं. त्यांनी सरळ विचारलं होतं, बाबा, दिवसभर काय करता?

"बसतो," मामा म्हणाले.

कुणाशी बोलता?

मामांनी जरा आठवून बघितलं. "भाकर आली की 'ठेव' म्हन्तो."

भाकर घेऊन जाणारी मीच. बाई माझ्याकडं बघायला लागल्या आणि मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं.

मामांचं असं झालं त्याला दोन वर्षं होत आली होती. माझ्या सासूबाई, बानूबाई, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला गेल्या. पुढच्या महिन्यात मामांनी कळप विकला. विकला आणि तामलवाडीच्या घरात दार लोटून बसले. शेजारच्या रामहरीनं एक दिवस सुरजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन केला की दोन दिवस झाले, म्हाताऱ्याच्या चुलीचा धूर दिसला नाही. आम्ही गेलो तर मामा भिंतीला टेकून बसलेले, तोंडाला कोरड, समोर तांब्या उपडा. विचारलं, जेवला का न्हाईत? तर म्हणाले, "ध्यानातच आलं न्हाय."

त्याच दिवशी सुरजनं त्यांना धाराशिवला आणलं. आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि मशीनसमोरच्या भिंतीशी मामांची खाट. मी दिवसभर ब्लाउज शिवायची, ते दिवसभर माझ्या मशीनकडं बघायचे. माणूस जिवंत आहे, जेवतोय, नजरेसमोर आहे, आणखी काय पाहिजे, असं मला वाटायचं. खोटं कशाला सांगू.

दवाखान्यातून येताना रिक्षात मामा म्हणाले, "सुरज, येत्या मार्गशीर्षाच्या पोर्णिमेला बानूला दोन वर्सं हुत्यात. तवर ऱ्हातो. मग म्या माझा तामलवाडीला जातो. हितं भिताडाला भिताड व्हऊन बसलोय."

सुरजनं गळ घातली, रागावला, रामहरीच्या फोनची आठवण दिली. मामा रस्त्याकडं बघत राहिले. शेवटी सुरज म्हणाला, निदान महिनाभर डॉक्टर सांगतात तसं करा, मग बघू. मामा व्हय म्हणाले. पण त्या व्हयमध्ये 'मग बघू' नव्हतं, 'मग जातो' होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं. तिथं गेले की गोळ्या राहणार, भाकर राहणार, आणि पुन्हा कधीतरी रामहरीचा फोन येणार. किंवा येणार नाही.

सुरजनं त्याच आठवड्यात दोन गोष्टी केल्या. मामांना पांढरे बूट आणले आणि तामलवाडीच्या घराची किल्ली मामांच्या ट्रंकेतून काढून माझ्या हातात दिली. कुठंतरी ठेव म्हणाला, सांगू नको. बूट मामांनी एकदा पायात घालून बघितले, घोड्याला नाल मारल्यावर घोडं बघतं तसं पायांकडं बघितलं आणि काढून ठेवले. बुटांच्या रिकाम्या खोक्यात मी बॉबिनी ठेवायला लागले. किल्लीही त्यातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वहाणा घालून, काठी घेऊन, खांद्यावर काळी घोंगडी टाकून बाहेर पडले. आमच्या गल्लीमागं कॉलेजचं मैदान आहे. तिथं लोक गोल गोल चालतात, त्यांच्या पायांनी गवतात वाट पडलीय. मामा दहा मिनिटांत परत आले. झालं? म्हटलं. झालं म्हणाले. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी मी त्यांच्या नकळत मागं गेले.

मामा फाटकातून आत गेले. वीसेक पावलं चालले आणि थांबले. पुढं बघितलं. काठी टेकली. पुन्हा चार पावलं चालले, पुन्हा थांबले, आजूबाजूला बघितलं, जसं काही विसरलंय. मग वळले आणि समोर मी.

"काय झालं मामा? पाय दुखतोय?"

"पाय कशाला दुखतोय." ते ओशाळले होते. "पायास्नी कळंना कुटं जायाचं. म्होरं काय न्हाय न्हवं."

मला काही उमजलं नाही. मैदान एवढं मोठं, पुढं सगळं मोकळंच होतं.

"त्येच तर," मामा म्हणाले. "मोकळं चालनं म्हंजी येड्याचं काम. जल्मभर मेंढरांच्या मागनं चाललो. वाडा हालला की म्होरं बानू, घोड्यासंगं. मंदी मेंढरं. मागं म्या. म्होरं बगायचं आन चालायचं. आता म्होरं काय बगू?"

पन्नास वर्षं या माणसानं पुढं चाललेल्या बायकोची पाठ बघत वाट काढली होती. चिठ्ठीत हे कुठं लिहिणार होत्या डॉक्टरीणबाई?

मी म्हटलं, मग मी चालते पुढं. तुम्ही माझ्या मागं या.

बोलून गेले आणि मग लक्षात आलं काय बोलले ते. आमच्यात सून सासऱ्याच्या पुढं चालत नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी कधी मामांच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं. बाजारात, लग्नाकार्यात, सासूबाईंना पोहोचवायला गेलो तेव्हासुद्धा. त्यामुळं मी पदर डोक्यावर घेतला आणि सवयीनं उभी राहिले, मामा पुढं होतील म्हणून. आणि मामा उभे राहिले, मी पुढं होईन म्हणून. दोघं फाटकाशी असे खोळंबलो की मागून येणारा माणूस म्हणाला, जरा वाट द्या. वाट दिली आणि पुन्हा उभे राहिलो.

शेवटी मामाच म्हणाले, "दीपाली, आता तू मानूस न्हाईस. मेंढरू हाईस. चल."

एवढा मान मिळाल्यावर कोण थांबतंय? चालले. पण पहिली फेरी कशी पार पडली ते माझं मला ठाऊक. पाठीवर डोळे टोचतायत असं वाटत होतं. मागं मामांच्या काठीचा ठक ठक आवाज. मध्येच तो थांबला तर माझाही पाय अडायचा. दुसऱ्या फेरीला मामा मागून म्हणाले, "तुजी चाल लई तुटक हाय. पायात शिवनमिशीन बशिवलंय काय?" तेव्हा मी जरा सैल झाले. तीन फेऱ्या झाल्या. घरी आल्यावर मामांनी दोन भाकरी खाल्ल्या. भाजीत मीठ कमी होतं, त्याबद्दल मात्र जेवण होईस्तोवर बडबडले. मी मनात म्हटलं, बडबडा. 'ठेव'पेक्षा बरं.

आता गल्लीत असं काही घडलं आणि शिवकांतामावशींना दिसलं नाही, असं होणारच नाही. मावशी लोहाऱ्याकडच्या. नवरा वारलेला, लेक लातूरला, गुडघे धरलेले. सकाळी उन्हाला ओट्यावर बसायच्या त्या ऊन पलीकडच्या भिंतीवर जाईस्तोवर. जाणाऱ्या येणाऱ्याला एकेक शब्द टाकायचा एवढंच त्यांचं बोलणं. आठवडाभर आम्हाला जाता येता बघितलं आणि एक दिवस म्हणाल्या, "अव्वा गं, काळ आला म्हणायचा. सून पुढं, सासरा मागं. उद्या सासऱ्याच्या हातात लाटणं देशील."

मला लागलं. पण मागं मामा होते, म्हणून तोंडातलं गिळलं आणि म्हटलं, "मग तुम्ही चला की माझ्या पुढं. तुम्ही वडीलधाऱ्या. मग मी मधली होईन, पुढची होणार नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. माझे गुडघे, म्हणाल्या. मामा म्हणाले, "गुडग्यांच्या बेतानं चालू. पांगळं कोकरू कळपात आसलं तर कळपच सावकास चालतोय." मावशी चिडल्या. कोकरू कुणाला म्हणता, म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी चपला घालून ओट्याखाली उभ्या होत्या.

चौथे राघवेंद्रगुरुजी. तुळजापूरच्या पुजारी घराण्यातले, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. बायको, शामलाकाकू, गेल्यापासून एकटे. मुलगा शंतनू पुण्याला. गुरुजी मैदानात रोज एकटेच चालायचे, खिशातल्या फोनमध्ये पावलं मोजत. पाच हजार पावलं झाली की जागच्या जागी थांबायचे, मग ते फाटकापासून लांब का असेना. कुणाशी बोलणं नाही. बोललं तर पावलांचा हिशेब चुकतो म्हणे, फोन मोजत असला तरी.

ते आमच्यात कधी आले ते त्यांनाही कळलं नाही. ते भरभर चालायचे, आम्ही हळू. फेरी मारून ते मागून यायचे आणि पुढं जायचे. मामांनी चार दिवस ते बघितलं. पाचव्या दिवशी गुरुजी पुढं गेले तसे मागून म्हणाले, "गुर्जी, जरा दमानं. म्होरक्यानं मागच्यांस्नी टाकून जायाचं नसतं."

गुरुजी थांबले. म्होरक्या हा शब्द त्यांना आवडलेला दिसला. ते दमानं चालायला लागले, छाती जरा पुढं काढून. आमचा क्रम ठरला. पुढं गुरुजी, मग मावशी, मग मी, शेवटी मामा. चालून झालं की लिंबाखाली बसायचं. गुरुजी तुळजापूरच्या गोष्टी सांगायचे, मावशी त्यात चुका काढायच्या, मामा ऐकायचे आणि मध्येच असं एखादं बोलायचे की तिघंही त्यांच्याकडं वळायचो. मला घरी दहा ब्लाउज पडलेले असायचे, तरी उठवायचं नाही. मानेत मशीनमुळं जी कळ यायची ती कधी गेली ते कळलंही नाही. औषध मामांना होतं आणि गुण मला, असंच म्हणायचं.

एक दिवस गुरुजींनी विचारलं, सिदूबा, दोनशे मेंढरं तुम्ही मोजत कसे होता?

"मोजतंय कोन?" मामा म्हणाले. "मोजायचं नसतं गुर्जी. कळपाकडं बगितलं की जे न्हाय ते आदी दिसतंय."

गुरुजींनी फोन खिशात घातला. मग विचारलं, पण एकटे असताना पीठ आणायला, पाण्याला वगैरे कुठं जायचं झालं तर? कळप पांगत नसे?

"काठी रोवायची. वर घोंगडी टाकायची, डोस्क्यावरनं घेतो तशी खोळ करून. मेंढरांस्नी वाटतंय म्हातारा हितंच हाय. चरत्यात गुमान."

"म्हणजे फसवणूकच की."

"फसवनूक कशी? परत यायचं आसतंय न्हवं."

मावशींना त्या दिवशी गप्प बसवेना. म्होरक्या म्हणजे सगळ्यात ताकदीचा मेंढा असतो का हो, म्हणाल्या. मामांनी सरळ मनानं सांगितलं की मेंढा कसला, मेंढराला वाट कळत नाही, ते पुढच्याच्या मागं जातं. म्हणून कळपात पुढं चालायला एक शेळी ठेवतात. म्होरक्या म्हणजे ती शेळी.

मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. गुरुजी हसले नाहीत. उठले, धोतराची धूळ झटकली आणि नमस्कार करून गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी नव्हते. मी म्हटलं उशीर झाला असेल. मावशी म्हणाल्या, रागावला बामण. मामा फाटकाशी उभेच राहिले. चला म्हटलं तर म्हणाले, कसं चलू? एक न्हाय. आणि वळून थेट गुरुजींच्या घराकडं निघाले. तेव्हा ते पुढं होते आणि आम्ही दोघी मागं, पण तेव्हा कुणाला क्रमाचं भान नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. गुरुजी खुर्चीत बसलेले, पाय स्टुलावर, घोटा सुजून टम्म. आदल्या दिवशी संध्याकाळी अंगणात उतरताना पायरीवर मुरगळला होता. रात्रीचं जेवण नाही, सकाळचा चहा नाही, आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. तिथवर जाता आलं नव्हतं.

 आम्हाला बघून गुरुजी चष्मा काढून पुसायला लागले आणि म्हणाले, "मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही."

मामा खाली बसले. मेंढराचा पाय बघावा तसा त्यांचा पाय उचलून मांडीवर घेतला, बोटांनी दाबून बघितला. हाड शाबूत हाय म्हणाले. मला तेल गरम करायला सांगितलं. चोळता चोळता मान वर न करता म्हणाले, "गुर्जी, शेळीवरनं राग आला काय?"

गुरुजी कळवळत होते, तरी हसले. "शेळी तर शेळी. पहिली आहे ना?"

आठ दिवस गुरुजी मैदानात आले नाहीत, पण रोज सकाळी मावशींचा चहा आणि आमची भाकर घेऊन आम्ही तिघं त्यांच्याकडं जायचो. मामा त्यांच्या अंगणात त्यांना भिंतीच्या आधारानं दहा पावलं चालवायचे, मग वीस. डॉक्टरीणबाईंनी मामांचा रक्तदाब पुन्हा मोजला, तो एकशे चाळीसवर आला होता. झोप लागते का, विचारलं. मामा म्हणाले, "लागती. सकाळी उटायचं आसतं न्हवं."

सुरजला वाटलं, झालं. मामा आता जायचे नाहीत. मला तसं वाटेना. कारण मामा पौर्णिमेबद्दल चकार शब्द काढत नव्हते, आणि न बोलता ठरवायची त्यांची रीत मी चोवीस वर्षं बघत होते.

पौर्णिमा तीन दिवसांवर आली तेव्हा दुपारी मी मशीनवर बसले होते. मामांनी खाटेखालून ट्रंक ओढली. एकेक कपडा काढून झटकला, घडी घालून ठेवला. मग सदऱ्यांचे खिसे चाचपले. मग भिंतीवरच्या खुंटीचं सगळं उतरवून बघितलं. मला काही विचारलं नाही. बॉबिनींचं खोकं माझ्या उजव्या हाताला होतं. मी एक बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटी जोडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक पुन्हा ओढली.

मला तामलवाडीतला तो उपडा तांब्या दिसत होता. सुरजचं बरोबर होतं. सगळे म्हणाले असते, बरोबर आहे. पण स्वतःच्या घराची किल्ली हा म्हातारा चोरासारखी शोधत होता, तोंडातून शब्द न काढता, आणि शोधू देणारी मी. सकाळी त्यांच्यापुढं चालायचं आणि दुपारी असं बसायचं, हे माझ्यानं होईना. मी खोकं उघडलं, किल्ली काढली, खाटेवर ठेवली.

"सापडली बघा," म्हटलं. "ह्या खोक्यात होती."

मामांनी किल्लीकडं बघितलं. "बाबिनीच्या खोक्यात किल्ली कशी जाती?"

"जाती कधीमधी."

"व्हय," ते म्हणाले. "जाती." आणि किल्ली कनवटीला लावली. मी त्यांच्या पिशवीत गोळ्यांची सगळी पाकिटं टाकली. कुठली कधी घ्यायची त्याला वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले. त्यांनी बांधू दिले.

पौर्णिमेच्या दिवशी मी उठले तेव्हा खाट रिकामी. काठी नाही, घोंगडी नाही, पिशवी नाही. पहिली एसटी गेली असणार. सुरज उठला, खाटेकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"तूच दिलीस?"

"किल्ली त्यांची आहे."

"गेल्या वेळी रामहरीनं फोन केला म्हणून," सुरज म्हणाला. "ह्या वेळी नाही केला तर?"

मी चपला घातल्या आणि मैदानाकडं निघाले. चालायला नव्हे. गुरुजी नुकतेच पुन्हा यायला लागले होते, मावशी होत्या. त्यांना सांगायला कुणीतरी जायला हवं होतं.

धुकं होतं. गुरुजी आणि मावशींनी चालायला सुरुवातही केली होती. एक फेरी झालेली दिसत होती. मावशी मला बघून म्हणाल्या, उशीर केलास गं. म्हातारा कवाचा येऊन बसलाय.

कुठं? म्हटलं.

त्यांनी लिंबाकडं बोट केलं. झाडाच्या बुंध्याशी काळी खोळ दिसत होती, खाली वाकून बसलेल्या माणसाएवढी. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच मला वाटलं, मामा तर कधी आधी बसत नाहीत. मी धावत गेले नाही, पण चालले असंही म्हणता येणार नाही.

काठी होती. जमिनीत हातभर रोवलेली, बुडाशी माती पायानं दाबून घट्ट केलेली. वर घोंगडी, खोळ करून, वारा लागून पडू नये म्हणून काठीच्या गाठीला चिंधीनं बांधलेली. वरून दहिवरानं भिजलेली. मी आत हात घातला. आत कोरडी होती.

गुरुजी आणि मावशी मागून आले.

"म्हणजे आपण..." गुरुजी म्हणाले.

"फसलो," मी म्हटलं. "मेंढरांसारखे."

"फसवणूक कशी?" गुरुजी म्हणाले. मामांचंच उत्तर होतं ते, अर्धं.

मी सुरजला फोन लावला. मामा काठी रोवून गेलेत म्हटलं. शेवटी तो धनगराचं पोर.

"घोंगडी?" त्यानं विचारलं.

"आहे. वर टाकलीय."

"बरं," सुरज म्हणाला, आणि डब्याला आज काय आहे ते विचारलं.

मग आम्ही तिघं चाललो. मागं कुणी नव्हतं. वळणावर प्रत्येक वेळी मान आपसूक लिंबाकडं जात होती.

मामा तिसऱ्या दिवशी दुपारी आले. पिशवीत गोळ्या, दोरे जागच्या जागी. घर झाडून आलो म्हणाले. रामहरीला किल्ली दिली, तो पडवीत त्याच्या शेळ्या बांधणार आहे. घराला जनावराचा वास पाहिजे. मी पाणी दिलं. सासूबाईंना पोहोचवलं त्या जागेवर गेलतात का, विचारलं.

"गेलतो. बसलो जरा. सांगून आलो तिला."

"काय सांगितलं?"

मामांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "म्हटलं, आता म्होरं दुसरं कुनीतरी चालतंय. तू काय राग मानू नगं."

मी मशीनवर बसले. दोरा ओवायला मला त्या दिवशी चार खेपा लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. गुरुजी होते, मावशी होत्या. मामा थेट लिंबाकडं गेले आणि काठीसमोर उभे राहिले. मान तिरकी करून बघितलं, बुडाशी वहाणेनं माती उकरून बघितली.

"काटी कुनी हालवली?" ते म्हणाले. "म्या हितं रोवली न्हवती. हातभर तिकडं हुती."

घोंगडी कुणी उचलून नेईल म्हणून मावशी ती काठीसकट रोज संध्याकाळी घरी न्यायच्या आणि सकाळी आमच्या आधी येऊन पुन्हा रोवायच्या. हे मला ठाऊक होतं, गुरुजींनाही ठाऊक होतं. मावशी स्वतःच्या चपलांकडं बघत होत्या.

मामांनी काठी उपसली, घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि एकेकाकडं बघितलं. मोजलं नाही, नुसतं बघितलं.

"चला," ते म्हणाले. "म्होरं बगा."